दोघींचं परतीचं तिकीट

आमच्याकडं आखाजीला लेकी माहेरी येतात. शाळेतले लोक अक्षय्य तृतीया म्हणतात, आम्ही आखाजी म्हणतो. पण लेक अशी आपली आपण उठून येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. भाऊ जातो, भाऊ नसला तर काका, नाहीतर चुलतभाऊ. सांजोऱ्या घेऊन जातो, लेकीच्या सासरी बसतो, जेवतो, आणि तिला घेऊन येतो.

मुऱ्हाळीचा एक कायदा आहे. तो निघताना माघारीचा दिवस ठरवत नाही. पूर्वी बैलगाडी होती तेव्हा ठरवत नव्हते, आता जीप करतात तरी जायचीच करतात. यायची जीप लेक उंबऱ्याबाहेर आली की तिथूनच करायची. माघारीचं आधी ठरवून गेलेला मुऱ्हाळी एकटाच परत येतो, असं आमची जुनी माणसं मानायची. मीही मानते.

माझी लेक एकच. तिला भाऊ नाही. तिचा बाप ती कॉलेजात असतानाच गेला. लग्न झालं आणि जवायाबरोबर ती आखातात गेली. जवाई तिथं एका कंपनीत गोदामावर आहे. त्याच्याबरोबरचे सगळे गडी एकटे राहणारे. लेकीच्या हाताला चव, म्हणून एकानं डबा मागितला, मग दुसऱ्यानं. अठरा डबे झाले. अठरा डबे दोन्ही वेळेला. मग काय, आखाजी आली की फोन यायचा.

"औंदा जमाव नही, माय. डबा शेतस ना. पुढला साले ईसू."

यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी येते. असं चार वर्षं झालं. चारही वर्षं आमच्या निंबाला झोका बांधला, गल्लीतल्या दुसऱ्यांच्या लेकी त्यावर बसल्या. मी ओसरीतून बघत बसले. बसून बसून मला राग आला. लेकीचा नाही, माझाच. दरसाल ती तेच सांगते आणि दरसाल मीच ऐकून घेते. मुऱ्हाळी पाठवलाच नाही तर लेक कशी येईल?

दिराला म्हटलं, पोराला पाठवा. दीर म्हणाला, विमानानं कोणी मुऱ्हाळी जातो का? फोनवर सांगा, यायचं असलं तर येईल. यायचं असलं तर! त्या दिवशी मी पासपोर्टाचा अर्ज भरला. म्हणजे शेजारच्या मास्तरणीनं भरला, मी सही केली. लिहिणं माझं तिसरीपुरतं आहे, पण सही माझी स्वच्छ येते.

जेठाणी, म्हणजे माझी थोरली जाऊ, दारात येऊन उभी राहिली.

"बाई मुऱ्हाळी ऱ्हास का कधी? लोके हासतीन."

"हासू दे. दात दिखतीन त्यासना."

"आन् विमानमा बसशी? तुले एस्टीमा उलटी व्हस!"

"उलटी व्हई ते पिशवी शे मन्हाजोडे."

झाली उलटी तर पिशवी आहे माझ्याजवळ, असं. ती तोंडाला पदर लावून गेली. हसली की रागावली, कळलं नाही.

लेकीला मी फोनवर सांगितलं, मी तुले लेवाले ई ऱ्हायनू, न्यायला येतेय. ती म्हणाली, "कोनसंगे?" कोणाबरोबर येतेस, म्हणून.

"मन्हासंगे," मी म्हटलं.

जवायाला तिनं एवढंच सांगितलं की माय भेटायला येतेय. न्यायला येतेय हे तिनं सांगितलं नाही. तिला भीती वाटली असेल. मीही म्हटलं, ते माझं मी सांगेन.

नंदुरबारला स्टेशनरोडला एक जण तिकिटं काढून देतो. महिनाभराचा व्हिसा त्यानंच काढून दिला. तिकिटाला मात्र अडून बसला.

"आजी, परतीचंही काढून टाका. स्वस्त पडेल."

"परतीचं तिथून काढीन. दोघींचं."

"तिथले लोक विमानातून उतरू देणार नाहीत. इथलेच चढू देणार नाहीत. तुम्ही परत जाणार याचा कागद लागतो त्यांना."

"मी राहायला चालले का तिकडं? माझं घर आहे, शेळ्या आहेत."

"शेळ्या कुठं दाखवणार तिथं?" तो हसला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "ठीक आहे. डमी देतो. परतीचं तिकीट असतं, नंबर असतो, सगळं असतं. दाखवायचं आणि विसरायचं. दोन दिवसांत आपोआप रद्द होतं. सगळे तेच करतात."

मी तीस वर्षं मिरचीच्या पथारीवर काम केलं आहे. मिरची वाळवायची, देठ खुडायचे, निवडायची. पाणी मारून वजन वाढवणारे पाहिले, रंग चोळणारे पाहिले. माझ्या पाटीतल्या मिरचीवर कोणी बोट ठेवलं नाही. आणि आता म्हातारपणी, लेकीला आणायला जाताना, नसलेलं तिकीट छातीशी धरून जाऊ? मी म्हटलं, "नको. जायचं तेवढं दे."

"अडवतील, आजी."

"अडवू दे."

आता सांगते, तो खोटं बोलत नव्हता. चूक माझीच होती. पण मला वाटलं, माणसाला समजावून सांगितलं की माणूस ऐकतो.

विमान सुरतहून होतं. सुरत आम्हाला काय नवीन, दवाखान्याला, कापडाला सुरतच. विमानतळ मात्र पहिल्यांदा पाहिलं. फरशी इतकी गुळगुळीत की चप्पल हातात घ्यावीशी वाटली. रांगेत उभी राहिले. बॅगेत सांजोऱ्या, लेकीचं लुगडं, मिरची, कुरडया. नंबर आला. काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट पाहिला, व्हिसाचा कागद पाहिला.

"रिटर्न टिकट, आंटी?"

"नहीं है."

"कहीं आगे का टिकट?"

"आगे कहाँ जाऊंगी? बेटी के घर जाऊंगी."

ती म्हणाली, मग मी बोर्डिंग पास देऊ शकत नाही. त्या देशाचा नियम आहे. तिकडून परत पाठवलं तर आमच्यावर येतं. बाजूला उभ्या राहा.

मी म्हटलं, "बाजू में नहीं."

माझ्यामागं मोठी रांग. एक जण ओरडला, अरे माँजी को हटाओ. मी मागं वळून बघितलं, तो मोबाइलात बघायला लागला. मी हललेच नाही. एकदा बाजूला झाले की बाजूलाच राहीन, एवढं मला कळत होतं. पथारीवर असंच असतं. वजनकाट्यापासून बाजूला झालेल्या बाईच्या पाटीचं वजन शेवटी होतं.

मग त्या पोरीनं तिच्या साहेबाला बोलावलं. चाळिशीतला माणूस, गळ्यात पट्टा. मला वाटलं हा आता पोलीस बोलावतो. मी आधीच सांगून टाकलं, हिंदीत, गुजरातीत, जे तोंडात येईल त्यात. लेकीला आणायला चालले. आमच्यात परतीचं आधी ठरवत नाहीत. परतीचं लेकीबरोबर ठरतं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "दीकरीने तेडवा जाओ छो, माजी?"

लेकीला आणायला चाललात का, असं. त्यांच्यातही तेडायला जातात. मला एकदम हलकं वाटलं. आखाजीला ते अखात्रीज म्हणतात, ते मला ठाऊक होतं.

"हा भाई. अखात्रीज माटे."

"समजलं," तो म्हणाला. "माझी आईही मामाची वाट बघायची. मामा कधी निघणार सांगायचा नाही. पण माजी, नियम माझ्या हातात नाही. तो कॉम्प्युटर तेडायला-बिडायला ओळखत नाही. त्याला परतीची तारीख पाहिजे. अजून वेळ आहे. इथंच परतीचं काढा, मी तुम्हाला सोडतो. नाहीतर खरंच नाही."

तेव्हा माझा विचार झाला. उभ्या उभ्याच. मागं रांग, पुढं तो. परतीचं काढलं तर मुऱ्हाळीचं मोडलं. नाही काढलं तर इथूनच नंदुरबार, आणि जेठाणी दारातच. सांजोऱ्या गल्लीत वाटून टाकायच्या. लेक पुन्हा फोनवर सांगेल, पुढला साले. मला असं झालं की, हे तारीख मागतात ना, घ्या तारीख. मी परत निघणार हे लिहून देते. पण मी एकटी निघणार असं नाही लिहून देणार.

"दो काढो," मी म्हटलं.

"दोन?"

"एक माझं, एक लेकीचं. एकाच दिवसाचं. शेजारी-शेजारी."

त्या पोरीनं साहेबाकडं पाहिलं. साहेब म्हणाला, माजी, त्यांची परवानगी आहे का? त्या तारखेला निघाल्या नाहीत तर तिकीट वाया जातं. मी म्हटलं, वाया जाईल ते माझं जाईल. तू काढ. दोघींचं यायचं मी बँकेच्या कार्डातच ठेवलं होतं, तिथं जाऊन काढायचं म्हणून. तिथलं इथं काढायचं, एवढाच फरक. लेकीनं फोनवर तिचा पत्ता आणि पासपोर्टावरचं पूर्ण नाव सांगितलं होतं, ते मास्तरणीनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी बटव्यातून काढली.

"तारीख?"

"आखाजीच्या दोन दिवस आधीची."

"अखात्रीज," तो पुटपुटला आणि मोबाइलात बघून तारीख सांगितली. मी कार्ड दिलं, चार आकडे मला पाठ होते. मशीनमधून दोन कागद आले. अजून गरम होते. मी त्यांची घडी केली नाही, पासपोर्टात सरळ ठेवले.

रांगेतला तो ओरडणारा माणूस आता म्हणाला, चलो, हो गया. मी म्हटलं, "तेरा भी होगा, बेटा."

पुढं आपल्या सरकारचा साहेब. काचेत बसलेला. त्यानं माझे हात पाहिले, चेहरा पाहिला, एकटी आहे हे पाहिलं.

"काम करने जा रही हो? किसी के घर में? सच बताओ."

मला पहिल्यांदा कळलंच नाही त्याला काय म्हणायचं ते. मग कळलं. बायांना असं फसवून नेतात घरकामाला, पेपरात येतं. तो त्याचं काम करत होता. पण मला ते लागलं. साठीच्या पुढची बाई एकटी निघाली की एकतर तिला कोणी विकलं, नाहीतर ती वाट चुकली.

"काम इधर कम पडा क्या, साब?"

"एजंट ने क्या बोलने को कहा है?"

"एजंट ने झूठ बोलने को कहा था. वो मैंने नहीं लिया."

त्यानं मान वर केली. दोन्ही कागद पाहिले, दुसऱ्या कागदावरचं नाव दोनदा वाचलं. मग शिक्का मारला. विमानात मला उलटी झाली नाही. जेठाणीला आल्यावर ते पहिलं सांगितलं.

तिकडच्या काउंटरवर पांढऱ्या झग्यातला साहेब होता. तो बोटं मशीनवर ठेवायला सांगत होता आणि मशीन माझी बोटं घेत नव्हतं. मिरचीनं रेघा खाल्ल्या आहेत माझ्या. त्यानं शेवटी डोळे बघितले, डोळे चालले. मग तोही तेच म्हणाला, रिटर्न टिकट. मी दोन्ही ठेवले.

"ये दूसरा किसका?"

"बेटी का."

"बेटी किधर?"

"इधर. लेने आई हूँ."

तो तिकिटाकडं बघून म्हणाला, "दामाद को मालूम?"

"अभी मालूम होगा," मी म्हटलं.

तो हसला. दात पांढरे स्वच्छ होते. शिक्का मारला आणि हात बाहेर केला, जा म्हणून.

जवाई घ्यायला आला होता. स्वतःची गाडी नव्हती, मित्राची मागून आणली होती. पाया पडला. वाईट माणूस नाही तो. लेकीचं घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकाची जागा, तिथं भिंतीला लागून डब्यांची रांग. लेक भेटली आणि दोन मिनिटांत पुन्हा पोळ्या लाटायला बसली, कारण संध्याकाळचे डबे जायचे होते. तिच्या मनगटावर तव्याचे डाग होते, नवे आणि जुने. मी लाटणं घेतलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी दोन्ही कागद ताटाशेजारी ठेवले.

जवायानं वाचले. घास तोंडात तसाच.

"हे काय, मामी? मला विचारलं नाही."

"चार वर्षं विचारलं, जवाईबुवा. औंदा सांगायला आले."

"डब्याचं कोण बघेल? अठरा माणसं आहेत."

"अठरा गडी आणि एकालाही भाकर येत नाही? माझी लेक नव्हती तेव्हा उपाशी होते का?"

"आखाजी काय इथंही करता येते."

"झोका कुठं बांधणार? पंख्याला?"

लेकीला हसू आलं, तिनं तोंड फिरवलं. जवायाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, तारीख बदलता येते. तुम्ही या तारखेला जा, तिला नंतर पाठवू.

मी म्हटलं, "बदला. दोघींची बदला. एकीची नाही. मी मुऱ्हाळी आलेय, पाहुणी नाही. माझा शिक्का महिन्याचा आहे. तिला सोडून मी या घरातून हलणार नाही, मग महिना झाल्यावर तुमचं इथलं सरकार मला शोधत तुमच्याच दारात येईल. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

तो उठून गेला. पुढं दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला आत धाकधूक होती, ते खोटं कशाला सांगू. लेकीचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. मी कितीही तोंड चालवलं तरी किल्ली माझ्याकडं नव्हती. लेक म्हणाली, माय, त्यासले राग ई गया. मी म्हटलं, येऊ दे. राग काही पासपोर्ट खात नाही. पण तुझं काय, तुले येनं शे का नही? ते मला तुझ्या तोंडून पाहिजे.

ती कणीक मळत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी डबे नेणारे गडी दारात आले, तेव्हा ती उठली आणि माझ्यासमोर, जवायासमोर, सगळ्यांना म्हणाली, "उद्यापासून सव्वा महिना डबा बंद. मी माहेरी जातेय." एक जण म्हणाला, भाभी, हमारा क्या होगा? ती म्हणाली, "तवा ठेवून जातेय. लाटणंही."

गडी हसले. जवाई हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना त्यानं कपाट उघडलं आणि लेकीचा पासपोर्ट वरच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. मी आभार मानले नाहीत. पासपोर्ट तिचाच होता.

परत सुरतला आलो तेव्हा काचेतल्या साहेबानं आमचे दोघींचे पासपोर्ट एकावर एक ठेवले आणि काहीएक विचारलं नाही. आपल्या घरी यायला कागद लागत नाही तिसरा.

आखाजीला निंबाचा झोका लेकीनं सोडला नाही. दोन दिवस तिचं अंग दुखलं. जेठाणी आली, तिला उराशी धरलं, आणि मला म्हणाली, "उनी वं बाई, मुऱ्हाळी." आली गं बाई, असं. मी म्हटलं, "पिशवी तशीच परत आणली, कोरी." तिला कळलं. ती खूप हसली.

सव्वा महिन्यानं लेकीला जायचं होतं. नवरा आहे, घर आहे, ती जाणारच. नको म्हणायला मी कोण? स्टेशनरोडच्या त्याच माणसाकडं गेलो. त्यानं मला ओळखलं, म्हणाला, "आजी, अडवलं ना?"

"अडवलं."

"मग?"

"मग काय, गेले."

तो लेकीकडं वळला. "ताई, तुमचं जायचंच काढायचं ना? तुम्ही तिथं राहता, तुम्हाला परतीचं कोणी मागणार नाही."

लेक माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. म्हणाली, "परतीचंही काढा. पुढच्या आखाजीच्या दोन दिवस आधीचं."

"इतक्या लांबचं?" तो कॉम्प्युटरात शोधत बसला. "बघतो सुटलंय का."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मला माहीत आहे, मुऱ्हाळी असं करत नाही. पण ती मुऱ्हाळी नाही, लेक आहे. ती तिची स्वतःचीच येईल. नाही आली, तर माझा पासपोर्ट अजून नऊ वर्षं चालतो.